तबकडी काय मोजते?

सेस्ना १७२ च्या डाव्या पंखाखाली, पुढे तोंड करून, बोटाच्या जाडीची एक नळी असते. विमान उभं असतं तेव्हा तिच्यावर आवरण घातलेलं असतं आणि काढायला विसरू नये म्हणून त्याला लाल पट्टी लोंबत असते. प्रीफ्लाइटच्या फेरीत नवा विद्यार्थी ऑइल, इंधन, टायर मन लावून बघतो. या नळीवरून मात्र नुसती नजर फिरवून पुढे सरकतो, कारण तिथं काही हलत नाही आणि काही गळत नाही. पण पॅनेलवरचं वेगाचं जे उपकरण आहे, त्याला जे काही कळतं ते या नळीच्या तोंडातून कळतं.

तिचं नाव पिटो ट्यूब. १७३२ मध्ये आंरी पितो या फ्रेंच अभियंत्यानं पॅरिसमध्ये सीन नदीच्या प्रवाहात वाकडी नळी धरली, तिच्यात पाणी किती वर चढतं ते पाहिलं आणि त्यावरून प्रवाहाचा वेग काढला. विमानात पाण्याच्या जागी हवा असते, एवढाच फरक. समोरून येणारी हवा नळीत शिरते, पुढे वाट नसल्यामुळे अडते आणि तिचा दाब वाढतो. हा वाढलेला दाब एअरस्पीड इंडिकेटरमधल्या पातळ पत्र्याच्या डबीत जातो. डबीच्या बाहेर भोवतालच्या हवेचा साधा दाब असतो. तो विमानाच्या अंगावरच्या एका बारीक भोकातून, म्हणजे स्टॅटिक पोर्टमधून, आत घेतलेला असतो. दोन्ही दाबांत जितका फरक, तितकी डबी फुगते. फुगण्याची ती हालचाल दात्यांच्या चाकांमधून काट्यापर्यंत पोचते आणि काटा ६० वर येतो.

६० नॉट म्हणजे ताशी १११ किलोमीटर. या वेगाला डबीतला जादा दाब असतो सुमारे ६ हेक्टोपास्कल. भोवतालच्या हवेचा दाब हजाराच्या घरात असतो हे लक्षात घेतलं, तर हा फरक एक टक्कासुद्धा भरत नाही. वेग दुप्पट केला की तो चौपट होतो. पण टेकऑफच्या वेळी, जेव्हा वेगाची सगळ्यात जास्त काळजी असते, तेव्हा हे उपकरण अगदी तुटपुंज्या भांडवलावर काम करत असतं.

आणि मुळात ते वेग मोजतच नाही. ते मोजतं दाबातला फरक. त्या फरकाचं वेगात रूपांतर तबकडी छापणाऱ्यानं करून ठेवलेलं असतं, समुद्रसपाटीवरची १५ अंश सेल्सिअसची हवा गृहीत धरून. विमानाच्या जवळजवळ सगळ्याच उपकरणांचं असं आहे. तबकडीवर लिहिलेली गोष्ट एक असते आणि आत मोजली जाणारी दुसरी. विद्यार्थी वैमानिक सहा तबकड्यांची नावं आणि रंगीत पट्टे दोन दिवसांत पाठ करतो. खरं शिक्षण सुरू होतं ते प्रत्येक तबकडीमागे नेमकं काय मोजलं जातंय, हा प्रश्न पडल्यावर.

मे महिन्यातलं नागपूर घ्या. विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारएक फुटांवर आहे. दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीनं ती धावपट्टी सुमारे ५००० फुटांवर असल्यासारखी होते. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. अशा हवेत काटा ६० नॉट दाखवत असताना विमान हवेतून जवळजवळ ६५ नॉटनं जात असतं. म्हणजे तबकडी खोटं बोलते? वेगाबद्दल बोलते. पण पंखाबद्दल खरं बोलते. पंखाला विमान उचलून धरायला लागतो तो हवेचा दाब, नुसता वेग नव्हे, आणि डबीत मोजला जातो तो हाच दाब. म्हणून जुहूला असो, नागपूरला असो किंवा १०,००० फुटांवर असो, एकाच वजनाचं विमान सरळ उडताना साधारण त्याच दर्शवलेल्या वेगाला स्टॉल होतं, म्हणजे त्याच्या पंखांची उचल सुटते. मे महिन्यात नागपूरहून उडताना 'हवा पातळ आहे, पाच नॉट जास्त ठेवू' असा हिशेब करायची गरज नाही, तो हिशेब डबीनं आधीच केलेला आहे. धावपट्टी मात्र जास्त लागेल, कारण चाकांना खऱ्या वेगानं पळावं लागतं आणि विरळ हवेत इंजिनाचा जोरही कमी पडतो. तो आकडा कुठल्याच तबकडीवर दिसत नाही. तो विमानाच्या पुस्तिकेतल्या कोष्टकात शोधावा लागतो, आणि आळस नेमका तिथं होतो.

रंगांचं थोडक्यात. सेस्ना १७२ एस वर पांढरा पट्टा ४० ते ८५ नॉट, हा फ्लॅप उघडता येण्याचा टप्पा. हिरवा ४८ ते १२९, नेहमीच्या उड्डाणाचा. पिवळा १६३ पर्यंत, फक्त शांत हवेत. १६३ वर लाल रेघ, तिच्या पलीकडे जायचं नाही. पांढऱ्याची आणि हिरव्याची खालची टोकं अनुक्रमे फ्लॅप उघडे आणि बंद असतानाचा स्टॉलचा वेग सांगतात. पण तो पूर्ण वजनाच्या, सरळ आणि संथ उडणाऱ्या विमानाचा. ६० अंश कलून उंची न सोडता वळत असाल, तर स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो आणि पट्टे मात्र जागच्या जागी राहतात.

आता नळी बुजली तर? आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात मातीचं घर करणारी कुंभारीण माशी सगळ्यांनी पाहिलेली असते. आवरण न घातलेली पिटो ट्यूब तिला आयती जागा. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्जनएअरचं बोईंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. विमान बरेच दिवस जमिनीवर उभं होतं आणि नळ्यांवर आवरणं नव्हती. कॅप्टनच्या बाजूची नळी बुजलेली होती, आणि तपास करणाऱ्यांचा संशय गेला तो अशाच माशीच्या घरट्यावर.

तिथं काय घडलं ते डबीच्या हिशेबानं बघा. बुजलेल्या नळीत जमिनीवरचा दाब कोंडलेला. विमान वर जाऊ लागलं तसा डबीच्या बाहेरचा दाब कमी होत गेला, डबी फुगत गेली आणि वेगाचा काटा चढत गेला. वेगाची तबकडी गुपचूप उंचीची तबकडी झाली होती. कॅप्टनच्या बाजूनं माहिती घेणाऱ्या ऑटोपायलटनं वेग फार झाला असं समजून नाक वर घेतलं. खरा वेग घटत गेला आणि विमान स्टॉल झालं. सहवैमानिकाचं उपकरण मात्र ठीक चाललं होतं.

स्टॅटिक पोर्ट बुजला तर गोंधळ आणखी पसरतो, कारण त्यावर वेग, उंची आणि चढ-उताराचा दर अशा तिन्ही तबकड्या अवलंबून असतात. २ ऑक्टोबर १९९६ च्या मध्यरात्रीनंतर लिमाहून सँटियागोला निघालेल्या एरोपेरूच्या विमानाची ही भोकं धुण्या-पुसण्याच्या वेळी चिकटपट्टीनं झाकली होती आणि पट्टी काढायची राहून गेली. खाली काळा समुद्र. आपल्या उंचीवर विश्वास बसेना म्हणून वैमानिकांनी नियंत्रकाला विचारलं, त्यानं पडद्यावर बघून ९,७०० फुटांच्या आसपासचा आकडा सांगितला. त्याच सुमारास विमानाचा पंख पाण्याला लागला. नियंत्रकाच्या पडद्यावरची उंची रडार मोजत नव्हतं. विमानातलाच ट्रान्सपाँडर ती पाठवत होता, त्याच झाकलेल्या भोकांच्या आधारानं. दुसऱ्याचं मत घेतोय असं वाटत होतं आणि ऐकू येत होता आपल्याच उपकरणाचा प्रतिध्वनी. सत्तर माणसं होती त्या विमानात, एकही वाचलं नाही. उपकरणं एकमेकांशी पडताळून घेताना ती दोन्ही एकाच नळीवर तर चालत नाहीत ना, हे आधी ठाऊक हवं.

लहान विमानात यावर साधा उपाय असतो. पॅनेलखाली अल्टरनेट स्टॅटिकची कळ असते. ती ओढली की बाहेरच्या भोकाऐवजी केबिनमधली हवा उपकरणांना मिळते. केबिनमधला दाब सहसा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असल्यामुळे उंची आणि वेग थोडे जास्त दिसतात, पण तेवढं चालतं.

उंचीच्या तबकडीकडे, अल्टिमीटरकडे, आता सावकाश बघू. आत पुन्हा डब्याच, पण या हवा काढून बंद केलेल्या. वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, डब्या प्रसरण पावतात आणि काटा फिरतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट, हे प्रमाण. म्हणजे अल्टिमीटर हा फुटांचे आकडे छापलेला बॅरोमीटर आहे. दाब जसा उंचीनं बदलतो तसा हवामानानंही बदलतो, आणि या दोहोंतला फरक त्याला कळण्याचा काही मार्ग नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब १०१४ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, भर पावसाळ्यात तो १००२ पर्यंत उतरतो. जानेवारीत लावलेलं अल्टिमीटर कुणी न हलवता जुलैत पाहिलं, तर जमिनीवर उभं विमान सव्वातीनशे फूट उंचीवर असल्याचं दाखवेल. जमिनीवर हे गमतीचं आहे. पण पावसाळी ढगात, सह्याद्रीच्या कड्यांवर, तेवढेच सव्वातीनशे फूट तुमच्याखाली नसतात.

म्हणून तबकडीवर एक छोटी खिडकी आणि तिच्यातला आकडा फिरवायला एक बटण असतं. पॉल कोल्समन या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यानं १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही सोय असलेलं अचूक अल्टिमीटर बनवलं, खिडकीला आजही त्याचंच नाव आहे. त्या दिवशी, त्या ठिकाणी समुद्रसपाटीला धरून असलेला दाब, म्हणजे क्यूएनएच, टॉवर सांगतो. तो खिडकीत लावला की पुण्याच्या धावपट्टीवर उभं असताना अल्टिमीटर १,९४० च्या आसपास दाखवतं आणि मुंबईत चाळीसएक फूट. नव्या विद्यार्थ्याला जमिनीवर शून्य नसल्याचं विचित्र वाटतं, पण डोंगरांची आणि टॉवरांची उंची नकाशावर समुद्रसपाटीपासूनच दिलेली असते. एका ठरावीक उंचीच्या वर मात्र सगळे जण १०१३ हाच आकडा लावतात. तिथं प्रश्न डोंगरांचा नसतो, एकमेकांचा असतो. सगळ्यांची चूक सारखीच असली की दोन विमानांमधलं अंतर बरोबर राहतं. मला या सबंध विषयातली ही सर्वांत शहाणी तडजोड वाटते.

जुन्या अल्टिमीटरला तीन काटे असतात: शेकड्याचा, हजाराचा आणि दहा हजाराचा. वाचायला हे इतकं वाईट आहे की चुका होणारच होत्या. २४ डिसेंबर १९५८ रोजी इंग्लंडमध्ये चाचणी उड्डाणावर असलेलं ब्रिटानिया जातीचं विमान धुक्यातून खाली येत होतं. आपण साडेअकरा हजार फुटांवर आहोत अशी वैमानिकांची समजूत होती, खरी उंची दीड हजार. अनुभवी माणसं होती ती. तबकडी दाब बरोबर मोजत होती, पण तिची रचनाच चूक वाचायला लावणारी होती.

चढ-उताराचा दर दाखवणारं व्हर्टिकल स्पीड इंडिकेटर, व्हीएसआय, याच कुटुंबातलं. त्याच्या डबीत दाब लगेच पोचतो आणि डबीबाहेरच्या पेटीत मुद्दाम ठेवलेल्या सूक्ष्म छिद्रातून हळूहळू पोचतो. दोन्हींत जो तात्पुरता फरक पडतो तो दर म्हणून दिसतो. त्यामुळे नेमका आकडा स्थिरावायला सहा ते नऊ सेकंद लागतात. विद्यार्थी या काट्याच्या मागे धावतो. काटा खाली गेला की नाक वर ओढतो, तो वर गेला की खाली ढकलतो, आणि विमान हेलकावे खाऊ लागतं. इन्स्ट्रक्टर मंडळी कधीकधी व्हीएसआयवर सरळ कागद चिकटवतात. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या तबकड्या इथं संपल्या. उरलेल्यांची गरज का पडली हे समजायला आपल्या कानात डोकवावं लागतं. आतल्या कानात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण्याची खबर मिळते. पण वळण वीसएक सेकंद एकसारखं चालू राहिलं, तर द्रवही त्याच वेगानं फिरू लागतो आणि खबर बंद होते. तुम्ही वळत असता आणि सगळं शरीर शपथेवर सांगतं की आपण सरळ चाललो आहोत. त्या वळणातून खरोखर सरळ झालात, तर कान म्हणतो उलट बाजूला वळलात. विमान फार हळू कलत गेलं, तर कानाला ते मुळीच कळत नाही. जमिनीवर डोळे ही चूक कायम दुरुस्त करत असतात. ढगात शिरलं की दुरुस्ती थांबते.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं दिसू न देता विमान उडवायला दिलं गेलं. सोबत इन्स्ट्रक्टर होताच. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, तीन मिनिटांना दोन कमी. आकाश निरभ्र असताना उत्तम लँडिंग करणारा विद्यार्थी ढगात चुकून घुसला, तर त्याच्या हाती साधारण एवढा वेळ असतो.

यावरचा तोडगा म्हणजे गायरो. फिरता भोवरा जसा आपला आस सोडत नाही, तसं मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेऱ्या घेणारं जड चाक अवकाशात आपली दिशा धरून ठेवतं. विमान त्याच्याभोवती कितीही कललं तरी चाक तिथंच राहतं. या चाकाला क्षितिजाची रेघ जोडली की झाला आर्टिफिशियल होरायझन, आजच्या भाषेत अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी लष्कराचा जेम्स डूलिटल न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसला. स्पेरी कंपनीचा होरायझन आणि दिशेचा गायरो, कोल्समनचं अल्टिमीटर आणि रेडिओचे संकेत एवढ्याच्या आधारावर तो उडाला आणि पंधरा मिनिटांनी परत उतरला. खबरदारी म्हणून पुढच्या उघड्या जागेत लेफ्टनंट केल्सी बसला होता. त्याला कळांना हात लावावा लागला नाही.

होरायझनमध्ये छोटं विमान पॅनेलला पक्कं बसवलेलं असतं आणि मागची निळी-तपकिरी तबकडी हलते. कॉकपिटच्या खिडकीतून दिसतं तसंच हे. सोव्हिएत विमानांत कलण्यासाठी उलट पद्धत होती. क्षितिज आडवं आणि छोटं विमान कलायचं, जणू मागून कोणी बघतोय. दोन्ही बाजूंना तर्क आहे. पण एका पद्धतीत मुरलेला वैमानिक घाईच्या क्षणी दुसरी पद्धत वाचायला गेला की हात उलटीकडे जाण्याचा धोका असतो.

पॅनेलच्या मधोमध, वरच्या ओळीत याला जागा देतात, आणि नजर दर वेळी इथूनच निघून इथंच यावी असं शिकवतात. सगळ्या सहांत नाक आणि पंख यांची स्थिती एका दृष्टिक्षेपात सांगणारं हे एकच उपकरण. म्हणूनच ते बिघडलं तर सर्वांत घातक.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोईंग ७४७ रात्री आठच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईसाठी निघालं, समुद्राच्या दिशेनं. किनारा ओलांडला की खाली-वर नुसता काळोख, क्षितिज नाही. ठरल्याप्रमाणे विमानानं उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि पुन्हा सरळ झालं. कॅप्टनच्या समोरचा होरायझन मात्र सरळ झाला नाही, तो विमान उजवीकडे कललेलंच दाखवत राहिला. कॅप्टननं ते दुरुस्त करायला विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं. आपलं उपकरण गेल्याचं तो म्हणाला. सहवैमानिकालाही स्वतःचं उपकरण गेल्यासारखं वाटलं, कारण ते विमान डावीकडे भलतंच कललेलं दाखवत होतं. ते खरं दाखवत होतं. फ्लाइट इंजिनिअरनं तिसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला. पण हे सगळं काही सेकंदांचं. डावीकडे शंभर अंशांहून जास्त कललेलं विमान वांद्र्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात घुसलं. उड्डाणाला दोन मिनिटंही झाली नव्हती. २१३ जण होते, सगळे गेले.

या अपघाताचं वर्णन 'एक उपकरण बिघडलं' असं करून थांबता येत नाही. तीन होरायझन होते, त्यांतले दोन खरं सांगत होते. वेगाचा, उंचीचा, दिशेचा काटा हे सगळेच विमान डावीकडे वळत खाली चाललंय असं सांगत होते. एक खोटा साक्षीदार आणि बाकी सगळे खरे, तरी खोट्याचं ऐकलं गेलं, कारण तो मधोमध होता आणि सवय त्याच्याकडे बघायची होती. वैमानिकी शिक्षणात ज्याला 'स्कॅन' म्हणतात, ती नजर फिरवण्याची शिस्त, तिचं काम माहिती गोळा करण्याइतकंच खोटा साक्षीदार पकडण्याचं आहे. होरायझन म्हणतो उजवीकडे कललोय? मग दिशेचा काटा वाढत असायला हवा. तो घटतोय? मग होरायझनला बाजूला काढा, आत्ता, पुढच्या सेकंदाला नव्हे.

या कामात सर्वांत मोठी मदत टर्न कोऑर्डिनेटरची होते. त्यावरही छोटं विमान डावी-उजवीकडे कलतं, पण ते वळण्याचा दर दाखवतं. कलण्याचा कोन त्यावर वाचता येत नाही. विमानाचा पंख खुणेला टेकला की सेकंदाला ३ अंश, दोन मिनिटांत पूर्ण फेरी. नाक वर-खाली झालं तर त्याला पत्ताही नसतो, आणि तसं बऱ्याच तबकड्यांवर छापलेलंही असतं. त्याचा खरा गुण म्हणजे ते बहुतेक लहान विमानांत विजेवर चालतं. होरायझन आणि दिशेचा गायरो इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर चालतात. पंप मेला की ती दोन चाकं हळूहळू मंदावतात आणि होरायझन सावकाश, अगदी भरवशानं, एका बाजूला झुकू लागतो. कुठं लाल दिवा लागला तर लागला. टर्न कोऑर्डिनेटर तेव्हा जिवंत असतो, कारण त्याचा पोशिंदा वेगळा.

त्याच तबकडीत खाली वाकड्या काचनळीत एक गोळी असते. ना वीज, ना पंप. गोळी ज्या बाजूला गेली त्या बाजूचा रडर दाबायचा, एवढंच.

दिशेचा गायरो, हेडिंग इंडिकेटर, म्हणजे चाकाची आठवण. उत्तर कुठं आहे हे त्याला ठाऊक नसतं, उड्डाणापूर्वी तुम्ही सांगितलेलं तो धरून बसतो. आणि पृथ्वी त्याच्याखालून फिरत राहते. नागपूरच्या अक्षांशावर निव्वळ या फिरण्यामुळे तासाला ५ अंशांचा फरक पडतो, लंडनला जवळजवळ १२. वर बेअरिंगचं घर्षण आहेच. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी, विमान सरळ आणि एकसारख्या वेगात असताना, होकायंत्राकडे बघून तो जुळवायचा.

होकायंत्राचं स्वतःचं रडगाणं वेगळं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं नसतं, उत्तर गोलार्धात ते जमिनीत तिरकं घुसतं. त्यामुळे वळताना आणि वेग बदलताना होकायंत्र थापा मारतं. उत्तरेकडून वळायला लागलात की मागे राहतं, दक्षिणेकडे वळताना पुढे पळतं. विलायती पाठ्यपुस्तकांत या चुकांवर पानंच्या पानं असतात, आणि आपली मुलं ती तशीच घोकतात. पण अलिबागला हा तिरकेपणा २५ अंशांच्या आसपास आहे, लंडनला ६६. क्षेत्राची आडवी ओढ तर आपल्याकडे लंडनच्या जवळजवळ दुप्पट. दक्षिणेला थुंब्याच्या जवळून चुंबकीय विषुववृत्तच जातं, तिथं क्षेत्र जवळपास आडवं असतं. तेव्हा धुळ्याला किंवा गोंदियाला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकातल्याएवढी चूक होकायंत्रात दिसली नाही, तर होकायंत्र बिघडलेलं नाही. पुस्तक दुसऱ्या गावचं आहे.

अलिबागचं नाव इथं उगाच आलेलं नाही. मुंबईचं चुंबकीय मोजमाप एकोणिसाव्या शतकापासून कुलाब्याच्या वेधशाळेत चालायचं. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्यांच्या प्रवाहानं सुया बिघडतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आलं. तेच शास्त्र कॉकपिटमध्ये लागू करा: होकायंत्राशेजारी डॅशवर ठेवलेला हेडसेट किंवा मोबाइल म्हणजे छोटी ट्रामच.

आता बऱ्याच प्रशिक्षण विमानांत सहा तबकड्यांच्या जागी दोन पडदे आले आहेत. वेग आणि उंची उभ्या पट्ट्यांवर सरकतात, क्षितिज पडद्यावर भरून दिसतं, जड चाकाच्या जागी पेनाच्या टोकाएवढे संवेदक बसलेत. वाचायला हे फार सोपं आहे आणि काही बिघडलं तर पडदा त्या जागी लाल फुली मारतो, ही मोठीच सुधारणा. पण दाब अजूनही बाहेरूनच आणावा लागतो. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या एअरबसच्या पिटो नळ्यांत १ जून २००९ रोजी अटलांटिकवर बर्फ साठलं. जेमतेम मिनिटभर वेगाची माहिती विस्कळीत झाली आणि मग नळ्या पूर्ववत झाल्या. पण गोंधळलेल्या हातांनी तोपर्यंत नाक वर ओढलं होतं आणि ते वरच धरून ठेवलं. २२८ जण दगावले. त्या मिनिटभरात नाकाची ठरलेली स्थिती आणि इंजिनाची ठरलेली ताकद तशीच ठेवली असती, तर वेग ठरलेलाच राहिला असता, तो दिसो वा न दिसो.

लहान विमानात हीच गोष्ट 'पार्शल पॅनेल' या नावानं शिकवतात. डोळ्यांवर हूड, म्हणजे पॅनेल दिसेल पण बाहेरचं दिसणार नाही. मग इन्स्ट्रक्टर होरायझनवर झाकण लावतो, थोड्या वेळानं हेडिंग इंडिकेटरवरही. आता पंख सरळ आहेत का, हे टर्न कोऑर्डिनेटरला विचारायचं. नाक कुठं आहे, हे वेग आणि उंची या दोघांकडून मिळून काढायचं. वेग वाढतोय आणि उंची घटतेय म्हणजे नाक खाली. वळायचं असेल तर प्रमाणित दरानं वळायचं आणि मनगटी घड्याळ बघायचं: सेकंदाला ३ अंश, म्हणजे ९० अंशांना तीस सेकंद. होकायंत्राकडे बघायचं ते वळण संपून ते स्थिरावल्यावर. पहिल्या खेपेला बहुतेकांचं विमान दोनशे-तीनशे फूट वर-खाली भटकतं आणि दिशा वीस-वीस अंश सुटते. इन्स्ट्रक्टर झाकण काढत नाही. तो शांतपणे पुढचं हेडिंग सांगतो.